कालवं आणि माकडं

आज ओहोटीला मालवणच्या खडकांवर काकूबरोबर कालवं काढायला गेले होते. कोयतीचं टोक नेमकं फटीत घालून ती कालव उघडते; माझं मात्र निम्मं मांस कवचालाच! थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरची लांब शेपटीची माकडं हेच काम दगडाने करतात. तेही निवडून: खडकाला चिकटलेल्या कालवांना टोकदार दगड, सुट्या शंखांना बोजड. २०२३ मध्ये तर कळलं, पामच्या बिया फोडताना त्यांच्या हातून आपसूक उडालेल्या दगडी कपच्या आदिमानवाच्या हत्यारांसारख्याच दिसतात. म्हणजे नुसती कपची बघून अक्कल कोणाची हे कसं ठरवणार? (पुरातत्त्ववाल्यांची पंचाईतच.) काकूला हे सांगितलं, तर म्हणते, "आमच्या माकडांका ह्या शिकवू नको हां. नारळ खातत तेवढे पुरे."