आधी आपला आकडा, मग स्क्रीनवरचा भाव: एनबीए लाइव्ह बेटिंगचा माझा अनुभव

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या चालू सामन्यावर पैसे लावताना मी एक क्रम सोडत नाही. आधी माझा अंदाज कागदावर लिहायचा, मगच भाव (१ रुपया लावून जिंकलं तर मूळ रुपया धरून किती मिळतात तो आकडा) बघायचा. भाव आधी दिसला की डोकं त्याला धरून कारणं रचायला लागतं, आणि मग हिशोब हिशोब राहत नाही.

तयारी सामना सुरू होण्याआधीची. सुरुवातीचा स्प्रेड (बाजाराने धरलेला दोन संघांमधला गुणांचा फरक) आणि टोटल (दोघांचे मिळून अपेक्षित गुण) लिहून ठेवायचे, कारण दोन्ही संघांबद्दल बाजाराला जे काही ठाऊक आहे ते या दोन आकड्यांत आलेलं असतं. त्यांना हलकं समजू नये. दुखापतींचा अहवाल संघांना आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यावा लागतो. सलग दोन दिवस सामने असतील तर दुसऱ्या सामन्यासाठी ही वेळ त्याच दिवशी दुपारी १ची असते. त्यानंतरही खेळाडूंची स्थिती बदलत राहते, म्हणून सामना सुरू होण्याआधी तो पुन्हा बघतो. मुख्य खेळाडू साधारण केव्हा बाकावर बसतात तेही टिपून ठेवतो. याचा उपयोग पुढे येतो.

बुकमेकरचा, म्हणजे बेट घेणाऱ्या कंपनीचा, वाटा किती, हे आकड्यात माहीत हवं. सामन्याआधी स्प्रेडच्या दोन्ही बाजूंना १.९१ भाव असेल तर नुकसान टाळायला १०० पैकी ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं. लाइव्हमध्ये तोच भाव बऱ्याचदा १.८७ किंवा १.८३वर येतो. म्हणजे अनुक्रमे ५३.५ आणि ५४.६ टक्के. हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण बहुतेकांचे पैसे जातात ते इथेच. म्हणून पूर्ण सामन्यात एकही बेट न लावणं हा माझ्यासाठी नेहमीचा निकाल आहे.

कोण जिंकणार याचा अंदाज मी असा काढतो. एनबीएत अंतिम फरक स्प्रेडपासून साधारण १२ गुणांनी इकडेतिकडे होतो, हे प्रमाण विचलन धरायचं. उरलेल्या वेळासाठी त्याला उरलेली मिनिटं भागिले ४८ याच्या वर्गमुळाने गुणायचं. हाफटाइमला ते ८.५ होतं, तिसरा क्वार्टर संपल्यावर ६, आणि ६ मिनिटं उरली की ४.२. समजा यजमान संघ सामन्याआधी ६ गुणांनी वरचढ मानला होता आणि तिसऱ्या क्वार्टरअखेर ४ गुणांनी मागे आहे. उरलेल्या १२ मिनिटांत त्याच्या वरचढपणाचा चौथा हिस्सा, म्हणजे १.५ गुण मिळतील असं धरलं तर अपेक्षित फरक उणे २.५. त्याला ६ने भागून नॉर्मल तक्त्यात (प्रमाण विचलनावरून शक्यता सांगणारा तक्ता) पाहिलं की जिंकण्याची शक्यता साधारण ३४ टक्के निघते. रास्त भाव २.९४. स्क्रीनवर २.७० असेल तर विषय संपला. ३.१५ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा प्रश्न विचारायचा: बाजाराला असं काय दिसतंय जे माझ्या गणितात नाही? बहुतेक वेळा उत्तर असतं, एखादा खेळाडू जखमी होऊन आत गेलेला असतो.

टोटलचं गणित जास्त फसवं. समजा सामन्याआधीची टोटल २२६ होती आणि हाफटाइमला दोघांचे मिळून १३० गुण झाले. दुप्पट करून २६० काढणारे खूप असतात, आणि त्यांना २४४.५ची लाइन (बुकमेकरने आता ठेवलेली टोटल) स्वस्त वाटते. आधी पझेशन (चेंडू ताब्यात असताना केलेली एकेक चढाई) मोजायला हवीत. मारलेले शॉट्स (पडलेले-चुकलेले दोन्ही), वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो (फाउलमुळे मिळालेले मोकळे शॉट्स). एका संघाचे ४४ शॉट्स, ५ आक्रमक रिबाउंड, ७ टर्नओव्हर आणि ११ फ्री थ्रो असतील तर साधारण ५१ पझेशन झाली. अपेक्षा अर्ध्या सामन्यात ४९.५ची असेल तर वेग फक्त थोडा वाढलाय. मग गुण आले कुठून? थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट्स) बघायचे. दोघांनी मिळून ३८ पैकी १९ टाकले असतील तर ते ५० टक्के झाले. लीगची सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास असते, त्या हिशोबाने १४ पडले असते. वरचे ५ म्हणजे १५ गुण, आणि ते दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा मिळतील असं धरायला काही आधार नाही. वाढलेल्या वेगाचा अर्धा भाग मान्य करून प्रत्येकी सुमारे ५० पझेशन आणि दर पझेशनला १.१४ गुण धरले तर उरलेल्या खेळात ११५ येतात. १३० अधिक ११५, म्हणजे २४५. लाइन २४४.५. बुकमेकरचं मॉडेल हेच करतं, म्हणून इथे काहीच लावायचं नाही. तेच गुण रिंगजवळचे शॉट्स आणि फ्री थ्रोमधून आले असतील तर मात्र मी त्यांना जास्त वजन देतो, कारण बचावातली ती फट कोच बदल करेपर्यंत तशीच राहते.

मग संधी कुठे असते? स्कोअरबोर्डवर न दिसणाऱ्या गोष्टींत. मुख्य सेंटरला दुसऱ्या क्वार्टरमध्येच तिसरा फाउल पडला की कोच त्याला बहुतेक वेळा हाफटाइमपर्यंत बसवतो, कारण सहाव्या फाउलला खेळाडू बाद होतो. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून समोरच्याला फ्री थ्रो मिळतात. हे ५ फाउल पहिल्या ५ मिनिटांतच झाले तर उरलेली ७ मिनिटं घड्याळ थांबवून गुण मिळत राहतात. स्टार बाकावर असताना समोरच्याने १० गुणांची मुसंडी मारली आणि तो आता परत येतोय, हे सगळ्यांत उपयोगी चित्र. सामन्याआधीची टिपणं इथे कामाला येतात.

वेळेचं भान ठेवायलाच हवं. घरात दिसणारं प्रक्षेपण मैदानापेक्षा कितीतरी सेकंद मागे असतं आणि बुकमेकरकडे डेटा थेट मैदानातून येतो. बास्केट पाहून बेट लावणारा आधीच हरलेला असतो. वर बेट स्वीकारण्याआधी काही सेकंद थांबवलं जातं आणि तेवढ्यात भाव बदलला की ते नाकारलं जातं. ‘कोणताही भाव चालेल’ हा पर्याय मी कायम बंद ठेवतो. बेट लावायची जागा म्हणजे टाइमआउट. प्रत्येक क्वार्टरमध्ये ७ आणि ३ मिनिटांच्या आत सक्तीचे टाइमआउट येतात, तेव्हा भाव स्थिर असतो आणि विचाराला वेळ मिळतो.

शेवटच्या दोन मिनिटांत वर्गमुळाचं गणित सोडून द्यायचं. मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो. आघाडीचा संघ ४ने पुढे आणि २० सेकंद बाकी असतील तर ७८ टक्के फ्री थ्रो टाकणारा खेळाडू दोन्ही टाकण्याची शक्यता ६१ टक्के असते. ५.५चा स्प्रेड तिथेच पार होतो. अंडर (टोटलपेक्षा कमी गुण) धरलेल्यांसाठी तर ही वेळ फारच वाईट, कारण बरोबरी झाली तर ५ मिनिटांच्या ओव्हरटाइममध्ये वीसेक गुण वाढतात आणि टोटलमध्ये ते सहसा धरले जातात. चौथ्या क्वार्टरच्या बेटमध्ये ओव्हरटाइम धरतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. नियम आधी वाचावेत.

राखीव खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवर (एकट्याचे गुण, रिबाउंड वगैरे) मी बेट लावत नाही. टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरवर एनबीएने एप्रिल २०२४मध्ये आजीवन बंदी घातली ती याच प्रकारच्या बेटसाठी आतली माहिती पुरवणं आणि मुद्दाम कमी खेळणं यामुळे. अशा बाजारात समोरच्याकडे काय माहिती आहे हे कळायला मार्गच नाही.

रक्कम केलीच्या सूत्राच्या (अंदाज आणि भाव यांवरून भांडवलाचा किती हिस्सा लावायचा ते सांगणारं सूत्र) पाव हिश्श्याने ठरवतो. भाव २.१० आणि माझा अंदाज ५० टक्के असेल तर सूत्र भांडवलाच्या ४.५ टक्के सांगतं, मी १.१ टक्के लावतो. आपल्या अंदाजातली चूक सूत्राला दिसत नाही, म्हणून पाव. हे भांडवल पूर्ण गेलं तरी घरखर्चाला हात लागणार नाही एवढंच असावं, आणि एका सामन्यात दोनहून जास्त बेट नाहीत. हरलेले पैसे त्याच रात्री वसूल करायला बसलं की वरचं सगळं गणित फुकट.

कॅश आउट (सामना संपण्याआधीच बेट बुकमेकरला परत विकणं) शक्यतो टाळावं. ३.०० भावाने १० युनिट लावले आणि आता जिंकण्याची शक्यता ६० टक्के झाली, तर त्या बेटची किंमत १८ युनिट होते. समोर १६.५ दाखवले तर दुसऱ्यांदा ८ टक्के कापले गेले.

नोंदवहीत हार-जीत सगळ्यांत शेवटच्या रकान्यात लिहितो. त्याआधी बेट लावतानाचा स्कोअर, उरलेला वेळ, माझा आकडा, मिळालेला भाव आणि पुढच्या टाइमआउटला त्याच बेटचा भाव. मधे झालेल्या गुणांचा परिणाम वर्गमुळाच्या गणिताने वजा करूनही भाव माझ्या दिशेने सरकलेला दिसत असेल तर पद्धत चालतेय. बऱ्याच बेटनंतरही तो उलट्या बाजूला जात असेल तर जिंकलेले पैसे नशिबाचे आहेत, आणि तेव्हा मी रक्कम वाढवत नाही, थांबतो.