दवणा, मरवा आणि आखडता हात

तुळस, पुदिना, गवती चहा बहुतेक गॅलऱ्यांत असतातच. दवणा, मरवा, ओव्याचं पान, ब्राह्मी, वाळा ही नावं सगळ्यांच्या तोंडी असली तरी कुंडीत क्वचित दिसतात, आणि दिसली तरी पुढच्या वर्षी नसतात. दोष नर्सरीला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा झारीचा असतो: रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना सारखंच पाणी. दवणा, मरवा आणि ओवा कोरडेपणावर खूश असतात, ब्राह्मीला चिखल लागतो, वाळ्याला दोन्ही चालतं. म्हणून कुंड्या उंचीप्रमाणे किंवा शोभेप्रमाणे न लावता तहानेप्रमाणे लावा.

दवण्याचं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त हात त्यातच पोळतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर वाहतात तोच हा. पानं करडी-हिरवी, बारीक कातरलेली, उंची दीड-दोन फूट. हे हंगामी झाड आहे. फुललं, बी धरलं की वाळणारच; त्याला पाणी घालून जगवायची धडपड करू नका. पावसाळा त्याला अजिबात सोसत नाही. त्यामुळे पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण चार महिने धरा. चैत्रात हाताशी हवा असेल तर नोव्हेंबरची पेरणी ठेवा. त्याहून उशीर झाला तर उन्हाच्या झळा लागतात आणि वीतभर रोपालाच फुलं येतात.

बी खसखशीहूनही बारीक असतं. ते त्याच हंगामातलं हवं, जुनं बी उगवत नाही म्हटलं तरी चालेल. चिमूटभर बी मलमलच्या फडक्यात सैल बांधून ती पुरचुंडी 48 तास पाण्यात ठेवा, मध्ये दोनदा पाणी बदला. मग निथळून झाकणाच्या वाटीत, अंधारात ठेवा. फडकं दमट राहिलं पाहिजे, गळता कामा नये. दोन-तीन दिवसांत फडकं उलगडून उजेडात धरलं की दाण्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा पांढरा ठिपका दिसतो. तोच पेरायचा मुहूर्त. मोड लांबले की पेरताना तुटतात.

तीन इंच खोल, भोकं असलेला ट्रे घ्या. वरचा थर गाळलेल्या खत-मातीचा असावा. बी दहापट कोरड्या वाळूत मिसळून मीठ भुरभुरावं तसं टाका. वर माती लोटू नका, चाळणीतून खताची नुसती धूळ पडू द्या. पाणी फवाऱ्यानेच द्यायचं; झारीची एक धार लागली की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. वर वर्तमानपत्र झाका आणि पहिली हिरवळ दिसली की त्याच दिवशी काढा.

यानंतरच्या दहा-बारा दिवसांत निम्मी रोपं जातात. देठ मातीलगत बारीक, काळा पडतो आणि रोप आडवं होतं. शेतकरी याला मर म्हणतात. ही बुरशी असते, आणि ती दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि बंद हवा यांवर पोसते. पाणी सकाळीच द्या, गर्दी चिमटीने विरळ करा, ट्रेला कोवळं ऊन आणि वारा मिळू द्या. आडवी झालेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाका.

पाच-सहा आठवड्यांनी रोप चार इंचांचं झालं की दहा इंची कुंडीत तीन लावा. दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. देशावरची काळी माती एकटी वापरू नका. ओली असताना मुळं गुदमरतात आणि सुकताना भेगांत तुटतात. बोट दोन पेरं खुपसल्यावर कोरडं लागलं तरच पाणी. खताच्या बाबतीतही हात आखडता: महिन्यातून मूठभर गांडूळखत पुरे. युरिया दिलात तर झाड माजतं, पण वास उतरतो, आणि दवण्यात वासाशिवाय आहे काय? कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

पिवळी बारीक बोंडं अर्धीअधिक उमलली की काढा. आधी दोन दिवस पाणी तोडा, दव उडाल्यावर कापा, सावलीत उलटा टांगा. वाळताना वास गोडसर, पिकल्या फळाकडे झुकणारा होतो. दोन रोपं बियांसाठी सोडायला विसरू नका.

मरवा त्या मानाने समजूतदार. वेणीतला मरवा आणि परदेशी मसाल्यांच्या बाटलीवरचं मार्जोरम एकच. ऑक्टोबर ते जानेवारीत तीन इंची, फुलं नसलेले शेंडे कापा, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत सावलीला लावा. तीनेक आठवड्यांत मुळं धरतात. शेंडे खुडत राहिलं तर दाट होतो. छाटताना हिरवी पानं असलेल्या भागाच्या खाली जाऊ नका, नुसत्या लाकडाला फूट येईलच असं नाही. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवा. घरात आणून ठेवणं हा उपाय नव्हे.

ओव्याच्या पानाचं आणि ओव्याच्या दाण्यांचं झाड वेगळं, वास तेवढा जवळचा. कांडी कापून एक दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. ताजी लावली तर कापलेल्या टोकापासून कुजते. दाट सावलीत पानं मोठी पसरतात, पण पातळ आणि बेचव होतात. भज्यांसाठी पान धुऊन पूर्ण कोरडं करा, नाहीतर पीठ सुटून तेलात पडतं.

ब्राह्मी विकत घेताना पान बघा. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दाते आणि लांब देठ असेल तर तो कारिवणा. छोटी, मांसल, लांबट पानं समोरासमोर असतील तर जलब्राह्मी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. जलब्राह्मी बिनभोकाच्या पसरट टबात लावा, पण पाणी साचवून ठेवू नका, डास होतात. माती चिखलासारखी ओली ठेवली तरी ती जोमाने पसरते, प्रत्येक पेराला मूळ फोडते. कारिवण्याला अर्धी सावली आणि भोकाची कुंडी हवी.

वाळ्याला मात्र खोली लागते. बारा इंची कुंडीत त्याची मुळं लवकरच तळाशी गोल फिरू लागतात. सिमेंटची रिकामी गोणी धुऊन घ्या, तळाला भोकं पाडा, वाळूमिश्रित माती भरा. जूनमध्ये फुटवे वेगळे करून पानं वीतभर ठेवून छाटा आणि लावा. पानं चुरगळून वास घेऊ नका, गवती चहासारखा तिथे काही नसतो. सगळा वास मुळांत. दीड वर्षाने गोणी उभी चिरा, पाण्याच्या धारेखाली माती सोडवा आणि फुटवे पुन्हा लावून टाका. मुळं स्वच्छ धुऊन सावलीत वाळवली की त्यांची एक जुडी माठात सोडता येते. तीन-चार दिवसांनी ती काढून उन्हात सुकवायची आणि पुन्हा वापरायची, वास संपेपर्यंत.