शेततळ्यातील चिलापी आणि मरळ : माझा अनुभव

उजनीच्या फुगवट्याजवळ आमचे अस्तर नसलेले शेततळे आहे. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी 30 मीटर आणि खोली 3 मीटर आहे. त्यात आम्ही कटला, रोहू व मृगळ वाढवत होतो. परंतु धरणातून उपसलेल्या पाण्याबरोबर चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्ले आत आली आणि बघता बघता तळे तिनेच व्यापले. ही मासळी साधारण तीन महिन्यांची होताच विणीला येते आणि मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्याने त्यांतील बरीच जगतात. कटला-रोहू मात्र साचलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. त्यामुळे ओढजाळ्यात तळहातापेक्षा लहान चिलापीचाच ढीग येई आणि रोहूची डोकी मोठी व अंगे बारीक दिसू लागली.

नुसती जाळी ओढून हे आवरत नव्हते, कारण रिकामी झालेली जागा पुढची वीण भरून काढी. शिकारी मासा सोडायचा असे ठरल्यावर काहींनी मांगूर सुचवला. परंतु परदेशी मांगूर पाळण्यास 2000 पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शिवडा हा दुसरा शिकारी मासा फार मोठा होतो आणि कटल्यालाही सोडत नाही. मरळ आपल्याकडचीच, हवेतला प्राणवायू घेऊ शकणारी आणि बाजारात जिवंत विकली जाणारी असल्याने मी तिची निवड केली.

किती मरळी सोडाव्यात, याचा आधार अमेरिकेत सापडला. अलाबामातील होमर स्विंगल यांनी 1950 मध्ये तळ्यांच्या अभ्यासावरून असे मांडले होते की शिकारी माशांच्या एकूण वजनाच्या तीन ते सहा पट वजन भक्ष्य माशांचे असेल, तर तळे उत्तम चालते. त्यांचे मासे वेगळे होते, त्यामुळे हा आकडा मी केवळ दिशादर्शक मानला. चिलापीचा अंदाज 200 किलोच्या आसपास निघाला, म्हणून वर्षअखेरीस मरळीचे वजन 40 किलोपर्यंत जावे, अशा बेताने एकसारख्या मापाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) आणली. मापात फरक असला, तर मोठी मरळ लहानीलाच गिळते.

खरे गणित मात्र तोंडाच्या मापाचे असते. पावसाळ्यानंतर एक मरळ चिरून पाहिली, तेव्हा तिच्या पोटात बोटाच्या दोन पेरांएवढ्या चिलापी होत्या. सगळ्या डोक्याकडून गिळलेल्या होत्या, कारण तसे गिळले तरच पाठीचे काटे मिटून आत जातात. तळहाताएवढी चिलापी तिच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणजे पिल्ले मरळीने खायची आणि विणीतील मोठ्या माशांचा उपसा आपण करायचा, अशी वाटणी करावी लागते. मोठ्या आसाचे (छिद्रांचे) जाळे नियमित फिरवू लागल्यावरच राहिलेल्या चिलापीचे अंग भरू लागले. मरळ सोडली की काम संपले, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मरळ लहान मासे गिळते, याच कारणाने कटला-रोहूची बोटुकली आता थेट तळ्यात सोडता येत नाही. ती लहान टाकीत पाव किलोची होईपर्यंत वाढवून मगच सोडतो. पहिल्या पावसात मरळ बांधावरून सरपटत निघून जाते, म्हणून काठाभोवती कमरेएवढी बारीक जाळी ताणली आहे आणि उपशाच्या पाइपाच्या तोंडाशीही तशीच जाळी बसवली आहे.

यंदा काठच्या गवतात मरळीनेच वीण घातली आणि तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसू लागला. पिल्लांची राखण नर-मादी मिळून करतात. हा थवा तसाच वाढू दिला असता तर शिकारीच जास्त झाले असते, म्हणून बारीक जाळ्याने बरीच पिल्ले उचलून टाकीत ठेवली आणि काठचे गवत कापून घेतले. टाकीतील पिल्ले मापाप्रमाणे वेगळी करत आहे. येत्या हंगामात तळ्यात किती सोडायची, हे चिलापीचे वजन पुन्हा घेतल्यावर ठरवीन.