व्हिलारेयालचा घरचा सामना मायामीत का नको? नागपूरच्या फुटबॉलप्रेमींसाठी

स्पेनच्या ला लीगा या फुटबॉल लीगनं व्हिलारेयाल-बार्सिलोना हा सामना २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत न्यायचा बेत केला, तिथे मोठा विरोध झाला आणि तो रद्द झाला. त्यावर नागपुरात बसून स्पॅनिश लीग पाहणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: सामना स्पेनमध्ये झाला काय न् मायामीत झाला काय, आपण तर टीव्हीवरच पाहणार, मग तिकडचे लोक एवढे का पेटले? प्रश्न रास्त आहे. नागपूरकरांची तर उलट सोयच होईल. स्पेनमधला रात्री नऊचा सामना हिवाळ्यात तुमच्याकडे रात्री दीडला सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला (तिथे इटलीतला एक सामना असाच न्यायचा बेत होता) संध्याकाळी सहाला सुरू झालेला सामना मात्र दुपारी साडेतीनला दिसेल. तरीही स्पेनमध्ये राहून हा खेळ जवळून पाहणाऱ्या आम्हाला हा प्रकार साफ चुकीचा वाटतो. त्यात भावना आहेच, पण त्याआधी गणित आहे.

ला लीगामध्ये २० संघ. प्रत्येकाचे ३८ सामने, १९ घरी आणि १९ बाहेर, एकूण ३८०. प्रत्येक संघाला प्रत्येकाच्या मैदानावर एकदा जावंच लागतं आणि लीगचा सगळा न्याय यावर उभा आहे. २० डिसेंबर २०२५ ला व्हिलारेयाल विरुद्ध बार्सिलोना हा सामना मायामीच्या हार्ड रॉक स्टेडियमवर ठेवला गेला. तो झाला असता तर बार्सिलोनाला व्हिलारेयालच्या सेरामिका मैदानावर जावंच लागलं नसतं. रिअल माद्रिदसह बाकी सगळ्यांना मात्र जावं लागलं असतं. त्यातही ला लीगामध्ये दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी गोलफरक पाहत नाहीत, त्या दोघांचे आपसातले सामने पाहतात. म्हणजे विजेतेपदाचा किंवा युरोपीय स्पर्धांमधल्या जागेचा फैसला त्या एका त्रयस्थ मैदानावरच्या निकालावर होऊ शकला असता.

इथे आयपीएलचं उदाहरण दिलं जातं. २००९ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे अख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली, पण तेव्हा आठही संघांचं घर एकदमच गेलं, त्यामुळे तोल ढळला नाही. ३८० पैकी एकच सामना उचलून नेला की तोल जातो. अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल २००७ पासून लंडनमध्ये सामने खेळते, हेही सांगितलं जातं. तिथे वेळापत्रक मुळातच सगळ्यांचं सारखं नसतं आणि तळाचा संघ खालच्या लीगमध्ये घसरतही नाही. जवळचं उदाहरण हवं असेल तर २०२५ चा रणजी अंतिम सामना आठवा. जामठ्यात विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. चांगले पैसे मिळतात म्हणून तो सामना दुबईला हलवला असता तर आपल्याला चाललं असतं का?

आता परवानगीचा मार्ग पाहा, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. फिफाच्या नियमानुसार क्लबला दुसऱ्या देशाच्या हद्दीत स्पर्धात्मक सामना खेळायला अपवादात्मक परिस्थितीतच मुभा आहे. त्यासाठी आपल्या देशाचा महासंघ, यजमान देशाचा महासंघ, दोन्हीकडचे खंडीय महासंघ आणि शेवटी फिफा अशा सगळ्यांचा होकार लागतो. मायामीसाठी हे दार स्पॅनिश महासंघ, युएफा (युरोपचा महासंघ), अमेरिकन महासंघ, कॉन्काकॅफ (उत्तर व मध्य अमेरिकेचा महासंघ) आणि फिफा असं पाच ठिकाणी ठोठवायचं होतं. एकाचा नकार आला तरी सगळं थांबतं. २०१८ मध्ये तेच झालं. जिरोना-बार्सिलोना सामना जानेवारी २०१९ मध्ये याच स्टेडियमवर ठरवला होता. स्पॅनिश महासंघ आडवा आला, फिफानंही आपापल्या हद्दीतच खेळा असं बजावलं आणि बार्सिलोनानं माघार घेतली. त्याहीआधी, २००८ मध्ये, इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं ३८ सामन्यांवर परदेशातला ३९ वा सामना जोडायचा बेत मांडला होता. तो चाहत्यांच्या आणि महासंघांच्या विरोधापुढे बारगळला.

या वेळी दारं उघडली कशी? प्रवर्तक कंपनी रेलेव्हंटनं अमेरिकन महासंघ आणि फिफावर अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा ठोकला होता. २०२४ मध्ये फिफानं समेट केला आणि नियमांचा फेरविचार करायला गट नेमला. नियम असे अर्धवट अवस्थेत असल्यामुळे युएफानं ६ ऑक्टोबर २०२५ ला नाइलाजानं होकार दिला आणि हा पायंडा समजू नका असंही सांगितलं. आमच्या मते ती चूक होती. नियम मोघम असेल तर तो स्पष्ट होईपर्यंत थांबायचं असतं.

होकारापासून सामन्यापर्यंत हाती ७५ दिवस होते. तेवढ्यात सुमारे ६५ हजार खुर्च्यांची तिकिटं विकायची, दोन संघांची ने-आण करायची आणि वेळापत्रक सांभाळायचं. व्हिलारेयालनं आपल्या हंगामी तिकीटधारकांना मोफत प्रवास किंवा तिकिटावर सवलत देऊ केली. पण गाव जेमतेम ५० हजारांचं, मैदान सुमारे २३ हजारांचं आणि मायामी ७ हजार किलोमीटरहून दूर. दुकान बंद करून किती जण जाणार? मग १७ ऑक्टोबरपासूनच्या फेरीत खेळाडू निषेध म्हणून सामना सुरू होताच १५ सेकंद स्तब्ध उभे राहिले. प्रक्षेपणात कॅमेरा दुसरीकडे वळवला गेला आणि त्यानं राग आणखी वाढला. २१ ऑक्टोबरला बेत रद्द झाला. व्हिलारेयालचा मँचेस्टर सिटीशी सामना चालू असतानाच ही घोषणा झाली.

इटलीची गोष्ट तर आणखी ठळक. मिलान आणि कोमो यांच्यात अंतर ५० किलोमीटर, आपल्या नागपूर-रामटेकएवढं. या दोन शहरांतल्या संघांचा फेब्रुवारी २०२६ चा सामना १३ हजार किलोमीटरहून लांब पर्थला ठरला. ६ फेब्रुवारीला मिलानच्या सान सिरो मैदानावर हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा असल्यानं मैदान मोकळं नव्हतं, हे कारण खरं होतं. पण इटलीत दुसरी मैदानं आहेतच. शेवटी ऑस्ट्रेलिया ज्यात येतो त्या आशियाई महासंघाच्या अटींवर घोडं अडलं आणि डिसेंबरमध्ये तोही सामना रद्द झाला.

मैदानाचाही एक मुद्दा आहे. फुटबॉलला १०५ गुणिले ६८ मीटर लागतात. अमेरिकन फुटबॉलची पट्टी जेमतेम ४९ मीटर रुंद असते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच स्टेडियममध्ये कोपऱ्यातल्या खुर्च्या काढल्याशिवाय रुंदी मिळत नाही. पर्थचं स्टेडियम जामठ्यासारखं गोलसर. मधोमध फुटबॉलचा आयत आखला की कोपऱ्यातला प्रेक्षक खेळापासून दूर पडतो.

पैसा कुठे आहे? तिकिटांत फारसा नाही. ला लीगाचा अमेरिकेतला ईएसपीएन वाहिनीशी प्रक्षेपणाचा करार २०२१ पासून ८ वर्षांचा, सुमारे १.४ अब्ज डॉलरचा. पुढचा करार मोठा व्हावा म्हणून तिथल्या प्रेक्षकाला खरा सामना दाखवायचा, हा सगळा खटाटोप त्यासाठी. सुपर कपही परदेशात होतो, पण त्याचं वेगळं. तो बाद फेरीचा असतो, त्यात घर-बाहेरचा हिशेब नसतो. स्पेनचा सुपर कप २०२० पासून, २०२१ चा अपवाद सोडला तर, सौदीत जातो, चाहत्यांना तो आवडत नाही, पण लीगच्या तक्त्याला धक्का लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी सामन्यासाठी यायचं ठरवत असाल तर या घोळाचा फटका थेट खिशाला बसतो. स्पेनला येण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क ९० युरो आणि निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सामना मायामीला गेला की हा व्हिसा त्या सामन्यापुरता निरुपयोगी. अमेरिकेसाठी १८५ डॉलर, मुंबईला मुलाखत, आणि शुल्क परत मिळत नाही. म्हणून स्थळ बदलायची कुजबुज असलेला सामना निवडूच नका. सामन्याचा आठवडा हंगामाच्या सुरुवातीला कळतो, पण नेमका दिवस आणि वेळ काही आठवडेच आधी ठरते. तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि शुक्रवार ते सोमवार चारही दिवस मोकळे ठेवा. व्हिलारेयालसाठी मुक्काम वॅलेन्सियात करा. तिथून कास्टेयोनकडे जाणारी सेर्कानियास लोकल पकडायची, साधारण ६० किलोमीटरवर व्हिला-रेयालला उतरायचं आणि मैदानापर्यंत चालत जायचं. रात्री उशिराचा सामना असेल तर परतीची शेवटची गाडी तिकीट काढण्याआधीच पाहून ठेवा.