३३ टक्क्यांची काच

नवतपा लागला त्याच दिवशी आर्वीकडच्या आमच्या गावाहून धाकट्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. तोंड पार उतरलेलं. दिवाळीनंतर त्याने जुनी बोलेरो घेतली अन् पहिल्याच आठवड्यात सगळ्या काचांना ठार काळी फिल्म मारली. वर्ध्याला जाताना ट्रॅफिकवाल्याने गाडी बाजूला घेतली, चालान केलं आणि फिल्म तिथेच काढायला लावली. नखांनी, भर उन्हात.

"दादा, तुमच्या फिनिक्समधी तं समद्या गाड्याईच्या काचा कायाच दिसते. तिकडं काऊन नाई धरत कोणी?"

धरतात बाप्पा, इथेही धरतात.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं हे फिनिक्स म्हणजे चंद्रपूरचा थोरला भाऊच समजा. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला होता. माझ्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यात सीटबेल्टच्या बक्कलाचा पोटाला असा चटका बसला की त्याच आठवड्यात मी फिल्मवाल्याच्या दुकानात हजर. तो म्हणाला, पुढच्या दोन दारांना ३३ टक्के, मागे तुझी मर्जी. दहावीत ३५ ला पास होणारे आपण, इथे ३३ वर निभावतं. यात आकडा जितका लहान तितकी काच काळी, कारण तो आकडा आत येणाऱ्या उजेडाचा आहे. ॲरिझोना मोजमापात ३ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं.

खरी गंमत राज्याच्या सीमेवर आहे. माझा मित्र नोकरी बदलून कॅलिफोर्नियात गेला. कोलोरॅडो नदी ओलांडली की पुढच्या दाराच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायला हवा. काही महिन्यांतच पोलिसाने थांबवलं, काचेला छोटं यंत्र लावलं आणि 'दुरुस्त करून दाखव' अशी पावती हातात दिली. फिनिक्समध्ये पैसे मोजून, कायद्यात बसवून लावलेली फिल्म त्याने वाफ देत देत सोलून काढली. कार बनवणाऱ्या कंपन्यांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम ७० टक्क्यांचाच आहे, पण गाडी रस्त्यावर आल्यानंतर लावलेल्या फिल्मचं काय करायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. आपण वरुडहून पांढुर्ण्याला गेलो तर राज्य बदलतं, काचेचा नियम बदलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सगळ्या देशाला एकच: पुढची-मागची मोठी काच ७०, बाजूच्या ५०.

भाऊ म्हणाला, "मंग म्या पन्नासचीच फिल्म मारतो नं!"

इथेच सगळे फसतात. काच स्वतःही थोडा उजेड खाते. कोरी काच ८० टक्के सोडत असेल आणि तिच्यावर ५० ची फिल्म बसली, तर आत येतो ४०. म्हणजे नापास. त्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर टक्के कितीही असोत, काचेवर फिल्मच नको असं सांगितलं होतं. पुढे नियम बदलले, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७०-५० च्या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. पण वर्ध्याच्या चौकात उन्हात उभा असलेला हवालदार केरळचा निकाल ऐकून घेईल, याची हमी मी कशी देऊ?

अन् काळी काच म्हणजे गार गाडी, हेही अर्धंच खरं आहे. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. चांगली सिरॅमिक फिल्म तेच किरण अडवते आणि दिसायला जवळजवळ कोरी असते. स्वस्तातली काळी फिल्म उजेड अडवते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आतच सोडते. महाग असते ती सिरॅमिक, हे खरं.

इथे रात्री पोलिसाने थांबवलं की मी आधी खिडक्या खाली करतो, आतला दिवा लावतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो. काळ्या काचेआड कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे बाहेरच्याला दिसत नाही. त्याची भीती माझ्या भीतीपेक्षा मोठी असते, कारण इथे कोणाहीजवळ बंदूक असू शकते. आपल्याकडे काळ्या काचेची गाडी आली की लोक आत कोणी पुढारी आहे असं समजून बाजूला होतात. भावाला उन्हापेक्षा त्याचीच हौस जास्त होती, हे काकांनी मागून ओरडून सांगितलंच. लहानपणी आम्ही ज्या काळीपिवळीने आर्वीला जायचो, तिच्या अर्ध्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. काकू ओला दुपट्टा डोक्यावर घ्यायची अन् लू सहन करायची.

आठवड्याने पुन्हा फोन केला. बोलेरो आता कोऱ्या काचांची. "गार लागते का रे?" विचारलं.

"गाराचं सोड दादा. आधी कोणाले दिसत नोतो, सुसाट जात होतो. आता समदे हात दाखोते. आज वावरातून घरी येईस्तोर तीन म्हाताऱ्या, एक युरियाचं पोतं अन् सरपंचाची बकरी बसवली गाडीत."