आमची वाटचाल : लालबागचा इंटरमीजिएट इंग्लिशचा क्लास

सुरुवात लालबागच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. मी आणि पार्टनर सर, ग्रामर माझं आणि स्पोकन त्यांचं. बेसिकचे क्लास तेव्हा गल्लोगल्ली होते, पण शाळेत इंग्लिश शिकलेला, पेपर वाचून समजणारा आणि तोंड उघडलं की अडकणारा माणूस, त्याने काय परत एबीसीडीपासून बसायचं का? म्हणून फक्त इंटरमीजिएटची उजळणी घ्यायची ठरवलं, आजही तेच घेतो.

खोली लहान होती पण फळा मोठा घेतला. हेल्पिंग व्हर्ब लाल खडूने, मेन व्हर्ब पांढऱ्याने, वेळेचा शब्द पिवळ्याने. शिकवणाऱ्यांना माहितीय, पिवळा शब्द आधी बघायची सवय लागली की निम्मं काम होतं. 'येस्टरडे' दिसला की 'हॅव सीन' पुसा, 'सॉ' लिहा. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' मी किती वेळा पुसलंय त्याला गणती नाही, कारण मराठीत 'मी दोन वर्षं इथे राहतोय' एकदम बरोबर आहे, इंग्लिशला मात्र 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं आणि मुदत सांगायची तर 'फॉर', 'सिन्स' फक्त सुरुवात कधीची ते सांगायला, म्हणजे सिन्स 2019. आपण घरातून निघताना 'आलोच' म्हणतो, जायचं असतं आणि भूतकाळ वापरतो, मग पोरगं 'आय केम' म्हणालं तर हसू नका, आधी मराठीत काय होतं ते विचारा.

मधली वर्षं बरी गेली. मग समोरच एसी क्लास उघडला, '30 दिवसांत फाडफाड इंग्लिश', नाक्यापर्यंत फ्लेक्स. त्याचंही एवढं वाटलं नसतं. पण आमचे सर तिकडे गेले आणि जाताना अ‍ॅडमिशनचं रजिस्टर घेऊन गेले, सगळ्यांचे फोन नंबर त्यात. दोन महिन्यांत 38 ची बॅच सहावर आली. पोरांचा राग नाही, गरज असते त्यांना, पण 30 दिवसांत पाठ केलेली वाक्यं इंटरव्ह्यूत दुसरा प्रश्न आला की संपतात, हे सरांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यात गणपतीचे दहा दिवस, लालबागमध्ये गर्दीने गल्लीत पाय ठेवता येत नाही, क्लास बंद आणि भाडं चालू. मालकाला खोली सोडतो म्हणून सांगूनही आलो होतो.

तेव्हा त्या सहातले एक बेस्टचे कंडक्टरकाका वर्षाची फी एकदम घेऊन आले, दहा-दहाच्या नोटांची रबर लावलेली बंडलं. म्हणाले, "सर, माझं बॉरो आणि लेंड अजून नक्की होत नाही, तुम्ही बंद करू नका." उसने घेणं बॉरो, उसने देणं लेंड, आपल्याकडे दोन्हीकडे 'उसने'च, म्हणून ते फसायचे. पुढच्या आठवड्यात डेपोतले पाच जण घेऊन आले.

शब्दांच्या कार्डांना भोक पाडायची आयडियाही त्यांचीच. आमच्याकडे चपलांच्या खोक्यात कार्डं असतात, पुढे गाळलेल्या शब्दाचं वाक्य, मागे शब्द. बरोबर सांगितला की पंचने एक भोक, आणि तीन भोकं वेगवेगळ्या आठवड्यांत पडली तरच कार्ड खोक्यातून बाहेर. एकाच दिवशी तीन पाडू नका, रात्री विसरतात. नवीन क्लास काढणाऱ्यांनो, फ्लेक्सवर कमी आणि कार्डांवर जास्त खर्च करा, आणि रजिस्टर स्वतःच्या कपाटात ठेवा.

2020 ला लोकल बंद झाल्यावर फोनवर शिकवलं, निभावलं. समोरचा क्लास तेव्हा बंद झाला तो झालाच. सर मध्ये चिंचपोकळी स्टेशनला भेटले, चहा घेऊ म्हणाले. मी रजिस्टर विचारलं, तर गाडी आली म्हणून निघून गेले.

काका आता रिटायर झालेत, शनिवारच्या बॅचला पंच त्यांच्याच हातात असतो.