सूट म्हणजे कपडा?

नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांची तुलना करायचं काम दिवाळीनंतर माझ्याकडे आलं. मी गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, साधनव्यक्ती आहे; शिक्षकांना प्रशिक्षण देतो. एका रकान्यात पट, दुसऱ्यात सत्राअखेरच्या संकलित चाचणीतलं आठवीच्या गणिताचं यश, आणि त्यावरून शाळांची उतरती यादी.

पहिल्या क्रमांकावर आलेल्या शाळेच्या आठवीत ८ मुलं. त्यातली ७ उत्तीर्ण, म्हणजे ८७.५ टक्के. तिथे एका पोराला परीक्षेच्या दिवशी ताप आला असता तर शाळा थेट ७५ वर घसरली असती. हे सांगून शाळेला कमी लेखायचं नाही. तिथले सर सहावी-सातवीचेही तास घेतात, जीव तोडून शिकवतात. पण ८ मुलांच्या टक्क्यावर शाळेची पत ठरवणं मला पटत नाही.

तळाशी होती एमआयडीसीजवळची शाळा. ४६ पैकी २३, म्हणजे ५० टक्के. मला खटकलं ते वेगळंच. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांविषयीच्या ऑनलाइन नोंदीत, आठवीचा पट ४१ होता आणि गुणपत्रकात नावं ४६. यू-डायसचा पट ३० सप्टेंबरचा असतो, हे खरं. पण ५ मुलं आली कुठून? फोनवर न विचारता मी गाडी काढली आणि शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका मॅडमनी दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, पुढे ठेवलं. "सर, आमच्याकडे लेकरं वर्षभर येतच राह्यतात जी. नाही कसं म्हणू?" त्या म्हणू शकतही नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवावंच लागतं. आठवीतली १६ मुलं जूननंतर दाखल झालेली, त्यातली ५ ऑक्टोबरमध्ये. छत्तीसगड, बालाघाट, बिहार. आईबाप कारखान्यांत रोजंदारीवर. मी तिथेच बसून हिशेब मांडला. जुन्या ३० मुलांपैकी २१ उत्तीर्ण, म्हणजे ७० टक्के. नव्या १६ पैकी फक्त २.

मग मी वर्गात गेलो. ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका मुलीची उत्तरपत्रिका हातात होती. गणित होतं, ८०० रुपयांच्या वस्तूवर १५ टक्के सूट दिली तर ग्राहकाला किती रुपये द्यावे लागतील? तिची जागा कोरी होती. मी विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "सर, सूट मतलब कपड़ा ना? पंद्रह टक्के कपड़ा कैसे देंगे?"

मी म्हटलं, "सूट मतलब छूट."

"छे सौ अस्सी," ती म्हणाली. बोटंही मोजली नाहीत.

तिला टक्केवारी येत होती. चाचणीत मोजली गेली होती मराठी, आणि गुण कापले होते गणिताचे. आमच्या प्रशिक्षणांत आम्ही शिक्षकांना अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते, समजावतो, पण अशा मुलीची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची, यावर मी स्वतः एकही तास घेतलेला नाही.

परत येऊन मी यादीत एक रकाना वाढवला, "जूननंतर दाखल". पटाच्या शेजारी मुलांची प्रत्यक्ष संख्याही लिहिली. वरून निरोप आला की ठरलेल्या तक्त्यात बदल चालणार नाही. खरं तर मुलांना काय येतं हे देशभर तपासणारी सर्वेक्षणं बघा, २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा २०२४ चं परख. दोन्ही काही निवडक शाळांत केलेली, जिल्ह्याचं चित्र दाखवणारी. एकेका शाळेला क्रमांक देण्यासाठी ती नव्हतीच. आपण मात्र तालुक्यात बसून ४६ लेकरांच्या वर्गाला क्रमांक देतो आणि त्यावर खुलासे मागतो. हे चूक आहे, आणि ती चूक करणाऱ्यांत मीही आहे. रकाना मी काढला. यादीवर सही माझीच आहे.

त्या शाळेला खुलासा मागवणारं पत्र गेलं. मॅडमचं उत्तर काल आलं. दोन ओळींचा खुलासा, आणि मागे जोडलेली १६ नावं. प्रत्येकापुढे दाखल तारीख, आधीची शाळा, घरी बोलतात ती भाषा. सातव्या ओळीत ती मुलगी आहे. तिच्यापुढे मॅडमनी पेनानं लिहिलंय, "प्रश्न वाचून दाखवल्यास सोडवते."

यादी वर गेली आहे. हा कागद मी अजून फाइलला लावलेला नाही.